खोलीतली जास्तीची माणसं

महागड्या ग्राफिक्स कार्डांची परीक्षणं वाचायला घेतली की चार रकाने ठरलेले असतात : किंमत, कामगिरी, तापमान, आवाज. प्रत्येकात आकडे असतात आणि शेवटी परीक्षक त्यांची बेरीज-वजाबाकी करून सांगतो, हे घ्या, ते घेऊ नका. २०२५च्या उन्हाळ्यात मला असं एक कार्ड घ्यायचं होतं, म्हणून दोन महिने मी हे तक्ते वाचत होतो. वाचताना जाणवत गेलं की हे चार आकडे एका तक्त्यात शेजारी बसले असले तरी ते एकाच माणसाच्या खात्यावर पडत नाहीत. किंमत मी देतो. कामगिरी माझ्या ग्राहकाला मिळते. उष्णता घराला मिळते. आणि आवाज आमच्याकडे एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतो, ती म्हणजे माझी आई.

मी येलहंका न्यू टाउनमध्ये राहतो. बळ्ळारी रोडनं विमानतळाकडे जाताना दोन्ही बाजूंना ज्या इमारती उठताहेत, त्या उठण्याआधी कशा दिसतील याची चित्रं आणि छोट्या चित्रफिती करून देणं हा माझा धंदा. हेब्बाळच्या पुढं जे मोठाले फलक दिसतात, हिरवळ, कारंजं, बाल्कनीत चहा पिणारं जोडपं, त्यांतलं काही माझ्या खोलीत तयार झालेलं असतं. खोटा सूर्य लावायचा, खोटी झाडं लावायची आणि त्या सूर्याचा एकेक किरण भिंतीवर, काचेवर, पानावर आपटून डोळ्यापर्यंत कसा येईल याचा हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा. हा हिशेब ग्राफिक्स कार्ड करतं. चित्राच्या एकेका ठिपक्यासाठी शेकडो किरण. तीस सेकंदांची फीत म्हणजे सेकंदाला पंचवीस या दरानं साडेसातशे चित्रं. माझ्या जुन्या कार्डावर एका चित्राला दोन मिनिटं धरली तर पंचवीस तास होतात. थोडक्यात, हे काम रात्रीचं आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं. हॉलमध्ये संध्याकाळी बायको शिकवण्या घेते, त्यामुळं संगणक आतल्या खोलीत, आणि त्याच खोलीत आईची कॉट. बाल्कनीत ठेवायचा विचार केला होता, पण समोर बांधकाम चालू आहे. सिमेंटची धूळ आठवड्याभरात पंख्याच्या पात्यांवर बसते. पावसाचा प्रश्न वेगळाच.

आधी उष्णतेचं बोलू, कारण तिथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. परीक्षणातला तापमानाचा रकाना कार्डाचं तापमान सांगतो, खोलीचं नाही. मोठा हीटसिंक आणि तीन पंखे लावले की चिप ऐंशीऐवजी पासष्ट अंशांवर राहते, आणि लोक म्हणतात, कार्ड थंड आहे. पण कार्डानं विजेच्या तारेतून घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतो. उत्तम हीटसिंक फक्त तो लवकर बाहेर टाकतो. पाण्यानं थंड करणारी यंत्रणा लावली तरी हिशेब तोच. म्हणून मी तापमानाचा रकाना सोडून दिला आणि वॅट पाहू लागलो.

वॅटांची कल्पना यावी म्हणून एक मोजमाप सोयीचं पडतं. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. माझं जुनं कार्ड, आरटीएक्स ३०८०, जोरात चालताना ३२० वॅट घेई. म्हणजे आईच्या खोलीत रात्रभर तीन जास्तीची माणसं बसलेली. २०२२ला आलेलं ४०९० म्हणजे साडेचार माणसं. जानेवारी २०२५मध्ये आलेलं ५०९० तर ५७५ वॅटांचं, जवळजवळ सहा. डिसेंबरात येलहंक्याला पहाटे गारठा असतो, तेव्हा ही माणसं हवीशी वाटतात; आई स्वतःहून खुर्ची तिकडं सरकवते. पण एप्रिलची गोष्ट निराळी. बेंगळुरूत एप्रिल २०१६मध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला होता, २०२४च्या एप्रिलमध्ये ३८.५ला टेकला. आमच्यासारखी घरं एसीशिवायच बांधलेली, कारण ज्या काळात ती बांधली गेली तेव्हा इथं पंखासुद्धा चैन वाटायची.

आणखी एक गोष्ट इथल्या भूगोलाची. खालच्या मजल्यावर हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. येलहंक्याच्या तळावर त्यांनी बरीच वर्षं काढली. त्यांनी मला समजावलं की विमानांना इथं धावपट्टी जास्त लागते, कारण हवा विरळ. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच आहे. त्याच तापमानाला इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ. विमानाच्या पंखाला जी अडचण, तीच माझ्या कार्डाच्या पंख्याला. तेवढीच उष्णता वाहून न्यायला त्याला जास्त हवा ढकलावी लागते, म्हणजे जास्त वेगानं फिरावं लागतं. समुद्रकाठच्या शहरात बसून केलेल्या परीक्षणातला आवाजाचा आकडा इथं थोडा वाढवूनच वाचायला हवा.

आवाज. २००३मध्ये एनव्हीडियाचं एफएक्स ५८०० अल्ट्रा आलं तेव्हा लोकांनी त्याची तुलना पाचोळा उडवणाऱ्या यंत्राशी केली, आणि कंपनीनंही स्वतःची थट्टा करणारी फीत काढली. २०१०च्या जीटीएक्स ४८०वर लोकांनी अंडी तळून दाखवली. ते २५० वॅटांचं होतं. आज त्याच्या सव्वादोनपट वीज घेणाऱ्या कार्डाला कोणी तसं हिणवत नाही, कारण त्याचा आवाज कमी आहे. कानाला खुपत नाही म्हणून उष्णता वाढत गेलेली कळली नाही. याला एक मूळ कारण आहे. १९७४मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी तेवढ्याच जागेतली वीज वाढणार नाही. साधारण तीस वर्षं ते खरं ठरलं. २००५च्या आसपास विजेचा दाब आणखी उतरवणं अवघड झालं आणि तेव्हापासून प्रत्येक वाढीव ताकदीचं बिल वॅटांत येऊ लागलं. ४०९० आणि ५०९० यांतला फरक पाहिला की हे सरळ दिसतं : ताकद सुमारे तीस टक्के जास्त, वीज अठ्ठावीस टक्के जास्त, डॉलरमधली किंमत पंचवीस टक्के जास्त. जेवढ्यास तेवढं.

आईला गेली चार वर्षं कानातलं यंत्र आहे. वयानं जी ऐकण्याची शक्ती जाते ती आधी वरच्या पट्टीतल्या आवाजांची, म्हणून यंत्र नेमके तेच आवाज मोठे करतं. आणि ग्राफिक्स कार्डाला पंख्याखेरीज आणखी एक आवाज असतो. विजेचा प्रवाह झपाझप बदलतो तशी त्यावरची तारेची वेटोळी थरथरतात आणि बारीक, उंच किरकिर येते. मला ती खोलीत शिरल्यावर क्षणभर ऐकू यायची आणि मग विसरायला व्हायची. आई म्हणायची, "तुझ्या डब्यात कुठला तरी किडा किरकिरतोय बघ." पंख्याच्या घुमण्याला तिनं 'जातं' असं नाव दिलं होतं. "थांबतंय कधी ते जातं?"

रात्री झोपताना ती यंत्र काढून डबीत ठेवते. त्यामुळं झोपेत तिला आवाजाचा त्रास नाही, उष्म्याचा आहे. प्रश्न होता तो संध्याकाळचा. काम वेळेत संपावं म्हणून मी साडेसातलाच मशीन लावून देई, आणि हळूहळू ती पावणेआठलाच कानातलं काढू लागली. पूर्वी नऊला बेळगावहून मावशीचा फोन यायचा, दोघी अर्धा तास अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये बोलायच्या. तो फोन वाजत राहायचा. जेवताना आम्ही बोलायचो आणि ती ताटाकडं बघत जेवायची. तिनं याबद्दल तक्रार केली नाही. कुठल्याही परीक्षणात यासाठी रकाना नव्हता, पण कार्ड निवडताना मला मोजायचं होतं ते हेच : तिची संध्याकाळ साडेसातला संपते की दहाला.

दहाला मशीन लावायचं आणि सातला बंद करायचं, तर हातात नऊ तास येतात. जुन्या कार्डावर पंचवीस तासांचं काम म्हणजे तीन रात्री. इथं कामगिरीचा रकानाही आईच्या खात्यात आला, कारण कार्ड जितकं वेगवान तितकी तिची संध्याकाळ मोकळी. ५०९० माझ्या कार्डाच्या सुमारे तिप्पट वेगाचं. तेच काम एका रात्रीत. ५०७० टीआय सुमारे दीडपट; दोन रात्री. एकूण विजेचा हिशेब केला तर नवल वाटलं. जुन्या कार्डाला एका कामाला आठ युनिट लागत, ५०९०ला पाचच्या आत. म्हणजे जास्त वॅटांचं कार्ड एका कामामागे खोलीत कमीच उष्णता सोडणार, फक्त ती सगळी एकाच रात्रीत.

विजेचा आमच्या घरात आणखी एक अर्थ आहे. कर्नाटकात २०२३पासून गृहज्योती योजना आहे. ठरवून दिलेल्या सरासरीत राहिलात तर बिल शून्य. त्या सरासरीच्या वर पण २०० युनिटांच्या आत असाल तर वरच्यापुरते पैसे. आणि २०० ओलांडले की सगळ्याच युनिटांचे, प्रत्येकी साधारण सहा रुपयांनी. आमचं घर शंभराच्या आसपास. पूर्ण संगणक पाचशे वॅटांनी रोज आठ तास चालला की महिन्याला १२० युनिट वर. रक्कम मोठी नाही, पण बायको ती घरखर्चाच्या वहीत लिहिते, आणि धंद्याचा खर्च त्या वहीत येऊ नये असं मला वाटतं.

मग किंमत. भारतात ५०९०ची जाहीर किंमत २,१४,०००, ५०८०ची १,०७,०००, ५०७० टीआयची ८०,०००. एस. पी. रोडच्या दुकानांतून फिरलो तेव्हा ५०९० त्या किमतीला कुठंच नव्हतं. शिवाय त्याला हजार वॅटांचा पॉवर सप्लाय हवा, म्हणजे तोही नवा. एका दुकानदारानं चांगला प्रश्न विचारला, "सर, मेमरी किती लागते तुम्हाला?" माझ्या कामात झाडं मेमरी खातात. ५०९०ला ३२ जीबी, बाकी दोघांना १६. एकच झाड हजार वेळा लावलं तर मेमरीत ते एकदाच साठवता येतं, त्यामुळं काटकसरीनं केलेली बाग १६मध्ये मावते. ग्राहकाला प्रत्येक झाड वेगळं हवं असेल तर नाही मावत.

पैसे असतील तर थंडावा आणि शांतताही विकत मिळते, हे इथं समजलं. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग आणि दाब दोन्ही दहा टक्के उतरवले की वीज सत्तावीस टक्के उतरते. म्हणून मोठी, महाग चिप घेऊन ती सावकाश चालवणं हा सगळ्यात चांगला मार्ग. धाकट्या चिपला पळवून तेच काम करून घेतलं तर तिला घाम जास्त फुटतो. ज्याच्याकडं सव्वादोन-अडीच लाख आहेत त्याची खोली थंड राहते. बाकीच्यांनी वेळ मोजावा.

मी वेळ मोजायचं ठरवलं. ५०७० टीआय घेतलं, तीन मोठ्या पंख्यांचं. त्याची मर्यादा ३०० वॅट आहे, ती २५०वर आणली. प्रत्येक चित्राला काही सेकंद जास्त लागतात. पंखे पाचव्या हिश्शानं हळू फिरले तरी आवाज सुमारे पाच डेसिबलनं उतरतो, आणि किरकिरही विजेबरोबर कमी झाली. तीनऐवजी अडीच माणसं, आणि तीन रात्रींऐवजी दोन. १६ जीबीत न मावणारी बाग भाड्याच्या यंत्रांवर पाठवतो आणि ते भाडं ग्राहकाच्या बिलात वेगळं दाखवतो.

ग्राहकांना मी सांगितलं, फितीतला बदल दुसऱ्या दिवशी मिळणार नाही, तिसऱ्या दिवशी मिळेल. दोघांनी मान्य केलं. एका कार्यालयानं काम दुसरीकडं नेलं. त्यांची गरज खरी होती. शनिवारी सदनिकांची विक्री सुरू होणार असेल तर गुरुवारी सुचलेला बदल शुक्रवारीच लागतो. ते काम धरून ठेवायचं तर ५०९० घ्यायला हवं होतं. वर्षभरात त्याचे किती पैसे झाले असते तेही मी मांडून पाहिलं आहे. आकडा लहान नाही. बायकोच्या वहीत तो नाही, माझ्या वहीत आहे.

मावशीचा फोन नऊला येतो. आई बोलताना मोठ्यानं बोलते, ऐकू कमी येणाऱ्या माणसांसारखं, आणि हॉलमध्ये शेवटच्या तासाची मुलं बीजगणित सोडवत असतात. त्यांना त्याचा त्रास होतो. आता त्यावर काय करायचं, हे आम्ही दोघं पाहतो आहोत.