हिरव्याआधी काळा

जुलैत महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीच्या दोन्ही अंगांना सगळं हिरवंच असतं. लावणी झालेल्या भाताचा पोपटी, सागाचा करडट, ऐन-किंजळीचा गडद, दरडीवरच्या शेवाळाचा ओला हिरवा. नवशिका हात अशा वेळी पॅलेटवर दहा हिरवे कालवत बसतो आणि कागदावर ते सगळे एकाच वजनाचे होतात. पुढचं पान मागच्याला चिकटतं. म्हणून माझा आग्रह असा, की झाडं काढताना, निदान कोकणच्या पावसात तरी, आधी चिनी शाई घ्यावी आणि रंग मागाहून. पान पानापासून सुटतं ते हिरव्याच्या छटेमुळे थोडं, फिकट-गडदपणामुळे फार. डोळे किलकिले करून पाहावं, रंग मावळतात आणि छायाप्रकाश उरतो. तो मोजायला काळ्याइतकं चोख माप नाही. चिनी चित्रकार शतकानुशतकं बांबू निव्वळ शाईत काढत आले: जवळचं पान दाट, मागचं पाण्यासारखं पातळ. हिरव्याचा थेंबही नसतो आणि तरी तो बांबूच दिसतो. आपल्या बांधावरचा कळक एकदा तसा काढून पाहावा.

जलरंग शिकवणारे काळ्यापासून लांब राहायला सांगतात, त्याला कारण आहे. ट्यूबमधला काळा हिरव्यात कालवला की हिरवा मरतो, त्याचा चिखल होतो. पण शाईचा पातळ हात आधी देऊन तो पुरता वाळू दिला आणि वरून एकच स्वच्छ हिरवा फिरवला, तर दोन्ही आपापल्या जागी राहतात. काळा खालून सावली देतो, हिरवा वरून उजळतो. बाटलीतली शाई घ्यायची तर वाळल्यावर पाण्यात न सुटणारी घ्यावी. कांडी उगाळलेली शाई ओल्या ब्रशनं घासली तर थोडी उचलते, तेव्हा वरचा हात हलका आणि एकदाच. इथल्या हवेचंही ऐकावं लागतं. भर पावसात कागद वाळता वाळत नाही, आणि अर्धवट ओल्या थरावर पुन्हा पाणी पडलं की फुलकोबीसारखे डाग फुटतात. हिरव्याचे चार थर चढवण्यापेक्षा एक शाईचा, एक रंगाचा, एवढ्यावर काम भागतं.

चिनी म्हणून ही शाई परकी मानायचं मला काही कारण दिसत नाही. तिच्यात काजळ आणि सरस. आपल्या पोथ्यांची शाईही काजळ आणि डिंक घोटून होत असे. ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरातच आहे, आणि त्या काळच्या पोथ्यांची अक्षरं काजळाचीच.

याहून वजनदार आक्षेप असा, की झाडाची ओळखच रंगात असते. १८४७ ते १८५० या काळात पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून १७२ चित्रं करून घेतली. त्या चित्रकाराचं नावही मागे राहिलं नाही, याची हळहळ वाटते. चित्रं एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत आणि रंगाशिवाय त्यांची कल्पना करवत नाही. मान्यच. पण नव्या जातीचं वर्णन छापताना वनस्पतिशास्त्रज्ञ आजही बहुधा काळ्या रेघेचं चित्र जोडतात. तेव्हा झाडाचा कुठला भाग रंग मागतो आणि कुठला रेघ, एवढं ठरवायचं. कळलावी घ्या. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लाल, आणि फूल जून होईल तसा लाल खाली उतरत जातो. हे शाईला सांगता येणार नाही. पण त्याच फुलाचा कुक्षीवृंत बुडापासूनच काटकोनात बाजूला वळतो, सहा पुंकेसर आऱ्यांसारखे पसरतात, आणि पानाचं टोक गुंडाळत जाऊन शेजारच्या कुड्याची काटकी पकडतं. ते टोक काढताना ब्रश पानाच्या मध्यावर दाबायचा, पुढे नेताना उचलत जायचा आणि शेवटचं वळण केसाच्या टोकावर घ्यायचं. हिरवा तिथवर न्यायचा नाही. पान अरुंद होतं तिथेच तो थांबवायचा आणि वळण काळंच ठेवायचं.