दोनदा गेलेलं माणूस

डिमेन्शिया झालेलं माणूस घरातून दोनदा जातं. पहिल्यांदा जातं तेव्हा कोणी भेटायला येत नाही. दुसऱ्यांदा जातं तेव्हा येणारा प्रत्येक जण म्हणतो, "सुटल्या बिचाऱ्या. तुम्हीपण सुटलात."

माझी आई सहा वर्षं या आजारात होती. शेवटची तीन वर्षं ती माझ्या बायकोला 'अक्का' म्हणायची. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, केव्हाच वारलेली. आंघोळ, भरवणं, डायपर, रात्री कडी काढून आई बाहेर निघायची ते, सगळं या अक्कानेच सांभाळलं. आता दोन महिने झाले. बायको अजून रात्री तीनला उठून कडी बघते. एखाद्या रात्री सलग झोप लागली तर सकाळी तिला अपराधी वाटतं. परवा म्हणाली, "अहो, सगळे म्हणतात मोकळी झालीस. पण मला अक्का म्हणणारं आता कोणी राहिलं नाही."

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) सिनेमात शास्त्रीबुवा माहुताच्या बायकोला आई म्हणतात. पडद्यावर बघून आपण रडतो. घराघरात हे रोज चालू असतं, तिकडे लक्ष जात नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' पाहणीचा अंदाज आहे की देशात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सात. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आपल्या पाथर्डी-शेवगावकडची किती घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. तिथे आजी रस्ता विसरायला लागली तर लक्षात येणार कुणाच्या? आलं तरी "वय झालं" म्हणून सोडून देतात.

आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी 'जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का' असा प्रश्न आहे. तो नुसता भरून ठेवू नका, पुढे तपासणी होऊ द्या. आणि सांभाळणाऱ्या बाईलाही विचारा, "तुझी झोप होते का?"

सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सांभाळणाऱ्यांनी आणि मागे राहिलेल्यांनीही फोन करावा, त्यात कमीपणा नाही.

तुमच्या गल्लीत असं घर असेल तर तेराव्यानंतर महिन्याभराने एकदा जाऊन या. गेलेल्या माणसाच्या जुन्या, आजाराच्या आधीच्या गोष्टी काढा. घरचेही त्या विसरत चाललेले असतात.