वाटाड्याच्या मागे तीन दिवस

‘गाइडेड ट्रेक’ म्हटलं की आपल्याला वाटतं, पैसे भरले, आता सगळं आयतं. तसं काही नसतं, बॉस! सॅक तुमचीच, पायही तुमचेच. कुठे थांबायचं, कधी वळायचं, एवढं ठरवणार वाटाड्या.

आमचा बेत तीन दिवसांचा. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, दुसऱ्या दिवशी शिवसागर जलाशयातून लाँचने वासोटा आणि शेवटी सांगली जिल्ह्यातलं चांदोली. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यामुळे वासोट्यावर मुक्काम नाही, वनखात्याची परवानगी हवीच आणि नेलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून परत आणायच्या. मोबाइलची रेंज विसरा. पावसाळा नुकताच सरला असेल तर जळवांसाठी पँट मोज्यांत खोचा.

गडावरून नागेश्वरचा सुळका खुणावत होता. वाटाड्यानं उन्हाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘आता माघारी.’’ ग्रुपमध्ये कुरकुर झाली. पण अंधाराआधी पाणी ओलांडायचं होतं.

लाँचमध्ये त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. ‘‘आमचं गाव हितं खाली हाय.’’ कोयना धरणात अशी कितीतरी गावं बुडाली. आम्ही ‘व्ह्यू’ म्हणून ज्याचे फोटो काढत होतो, तिथे त्याच्या आजोबांचं शेत होतं. कॅमेरे आपोआप खाली आले.

तेव्हा जाण्याआधी महिनाभर ऑफिसचे जिने चढा, शूज आधीच वापरून सैल करा. आणि वाटाड्याला त्याचं गाव जरूर विचारा. आमच्या ब्रोशरमध्ये ते कुठेच नव्हतं.