आतड्याला बिलगलेली वस्ती

आतड्यातले जीवाणू तिथं टिकतात कसे, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही! ताक पोटाला चांगलं, आंबील पोटाला थंड, हे आमच्या मंठाळ गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवायचं, माठात आंबू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी शिवारात भज्जीबरोबर लोटकी भरभरून प्यायचं. तो आंबटपणा लॅक्टोबॅसिलससारख्या जीवाणूंचा, एवढं शाळेतही शिकवतात. पण पोटात गेल्यावर ते तिथं थांबतात कशाच्या आधाराने? हा प्रश्न मनात आला आणि मी वाचतच सुटलो.

आतडं सारखं हलत असतं, अन्न पुढे ढकलत असतं. एखाद-दोन मायक्रॉनचा जीव त्या ओढीत धरणार कशाला? तर आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थराला! आंव पडली की ज्याची आपल्याला किळस येते, तो चिकट द्रव आपल्याच पेशी दिवसरात्र बनवत असतात. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात, हे स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांत दाखवलं. वरचा पदर सैल, तिथं जीवाणूंची दाट वस्ती. खालचा घट्ट, पेशींना खेटलेला आणि जवळजवळ निर्जंतुक. कोट्यवधी जीव इतक्या जवळ, तरी मधली सीमा शाबूत. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

आणि धरण्याची तऱ्हा तर ऐकाच. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा वाण अमेरिकेत गोरबाक आणि गोल्डिन यांनी १९८० च्या दशकात निरोगी माणसाच्या आतड्यातून वेगळा केला. तो इतका चिवट का, याचा उलगडा २००९ मध्ये फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी केला. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांवरचं एक प्रथिन त्या चिकट थराला पकडतं. गवतातून चालताना कुसळं धोतराला धरतात ना, तसंच! सगळ्यांना हे जमत नाही. ताकातले, आंबिलीतले बरेचसे जीवाणू येतात, वाटेत आपलं काम करतात आणि निघून जातात. म्हणून 'पोटाला चांगलं' एवढ्यावर थांबू नये, कुठला वाण हे विचारावं, असं मला आता ठामपणे वाटतं.

टिकून राहिलेली वस्ती रोगजंतूंना जागा आणि अन्न मिळू देत नाही. त्यातले काही जीवाणू अन्नातल्या न पचलेल्या तंतूंपासून ब्यूटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन! आणि तंतू मिळालेच नाहीत तर? २०१६ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात उपाशी जीवाणू तो चिकट थरच खाऊ लागले, थर पातळ झाला आणि रोगजंतूला वाट मिळाली. ज्वारीची भाकरी आणि आमच्या कलबुर्गीची तूर यांच्याकडे मी आता नव्या नजरेने पाहतो. ते आपलं जेवण आहेच, पण आतल्या वस्तीचंही आहे.

सगळ्यात थरारून गेलो ते ओडिशाच्या प्रयोगाने. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर तो केला आणि २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये मांडला. आतड्यात टिकून राहतो म्हणून पारखून घेतलेला लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक वाण, सोबत त्या जीवाणूचं खाद्य असलेली एक प्रकारची साखर, फक्त सात दिवस. बाकी आईचं दूध. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण हा डोस न मिळालेल्या गटात नऊ टक्के होतं, या बाळांत ते ५.४ टक्क्यांवर आलं. सात दिवसांच्या डोसाने!

प्लँटारम हा आंबवलेल्या धान्यात आणि भाज्यांत जगभर सापडणारा जीवाणू. मग आमच्या माठांत कोण राहतं? आतड्यातले जीवाणू वेगळे करून जपणारे शास्त्रज्ञ पुण्यातच आहेत. २०१४ मध्ये पुण्याच्याच संशोधकांनी निरोगी माणसांच्या विष्ठेतून मेगास्फेरा इंडिका ही नवी जाती शोधली. त्यांच्यापैकी कुणीतरी येत्या वेळ अमावस्येला मंठाळच्या शिवारात यावं, माठामाठांतली आंबील छोट्या बाटल्यांत भरून न्यावी आणि त्यातले कोण कोण आतड्याला धरून राहतात ते तपासावं. लागतील तितके माठ मी दाखवीन.