पट

लाकडी पाळणा वाडीत बहुधा एकच असायचा. एका घरचं मूल पाळण्यात मावेनासं झालं की तो दुसऱ्या घरी जायचा, साखळ्या आणि वरच्या लाकडी पोपटांसकट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बऱ्याच वाड्यांत तो आता जिथे शेवटी गेला त्याच घरी आहे. त्यात कांदे ठेवतात. माजघराच्या तुळईला पाळण्याची कडी अजून आहे.

बाळगुटीची सहाण चुलीजवळच्या फळीवर असते. मुरूडशेंग, हळकुंड, वेखंड यांचे वेढे तिच्यावर मोजून द्यायचे. आता तिच्यावर सुंठ आणि आंबेहळद उगाळतात. लेप गुडघ्यांना लागतो.

सुईण गेली. त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होऊ लागली आणि बाया वाचू लागल्या, मुलंही. शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, पाचवीची पूजा एवढं घरी राहिलं होतं. मग बाळंतीण दवाखान्यातून थेट डोंबिवलीला किंवा विरारला जाऊ लागली. डिंकाचे लाडू डब्यात घालून रातराणीने पाठवतात.

२००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती. २०११मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. २०२१ची जनगणना झाली नाही.

माणसं मुंबईला जाणं जुनंच आहे. गिरण्यांच्या काळात पुरुष जायचे, बायका-मुलं मागे राहायची. गावात बाप कमी असायचे, मुलं भरपूर. आता जोडपं जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१मध्ये १.७. गोव्यात १.३. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. तो व्हरांड्यात टांगलेला असतो. पाच मुलांना बोलवायला घंटा लागत नाही. बाई दारात उभ्या राहून नावं घेतात.

पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात. दुसऱ्या खोलीत तुटकी बाकं आणि मतदानाच्या वेळी लागणारं सामान. दुसरीत एक मुलगी, चौथीत दोन मुलगे, तिसरीत कोणी नाही. तिसरीची पुस्तकं आली नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात रोज पट आणि हजर लिहायची पद्धत आहे. पट ५. हजर ४.

पोषण आहाराला पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. पाच मुलांना अर्धा किलो. पन्नास मुलांच्या खिचडीचं पातेलं माळ्यावर गेलं. स्वयंपाकाच्या काकू घरचाच कुकर आणतात.

खो-खोला एका बाजूला नऊ लागतात. लंगडीला तेवढे लागत नाहीत. लंगडी चालू आहे. लेझीम खोक्यात आहेत. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी निघते. पुढे मुलं, मागे बाई, त्यांच्यामागे सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि निवृत्त गुरुजी. मोठी माणसं जास्त असतात. घोषणा मुलांनीच द्यायच्या असतात.

डिसेंबर २०१७मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचं सरकारने ठरवलं. २०२३मध्ये छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आली. तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त होत्या. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. कोकणात एक किलोमीटर म्हणजे कधी एक पऱ्या आणि एक घाटी. पावसाळ्यात तो किलोमीटर वाढतो.

शाळा बंद झाली की मुलाची आई तालुक्याला खोली घेते. ती गेली की घरातलं दूध बंद. गाय विकली जाते. सासू-सासरे राहतात. वर्षभराने पुढच्या घरी तेच होतं. बंद शाळेच्या इमारतीत गणपतीत आलेल्यांची झोपायची सोय करतात.

एसटीची शाळेच्या वेळची फेरी आधी सुट्टीच्या दिवसांत बंद झाली, मग कायमची. उरलेल्या फेऱ्यांत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२पासून भाडं नाही. ६५ ते ७५ला अर्धं. बायकांना मार्च २०२३पासून अर्धं. सकाळच्या गाडीत पूर्ण तिकीट काढणारा क्वचित दिसतो. गाडी दवाखान्याच्या दारात थांबते. तिथेच बहुतेक उतरतात.

वानरं खाली आली. भुईमूग, कणगर, पडवळ काही ठेवत नाहीत. पूर्वी राखणीला मुलं असायची, हातात गोफण नाहीतर पत्र्याचा डबा. म्हाताऱ्या माणसाची हाक वानरं ओळखतात, हलत नाहीत. परसात भाजी लावायचं सोडून दिलं. तालुक्याच्या बाजारातून आठवड्याची आणतात.

वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरी आधी गेली. मग डोंगराकडची भातं. बांध ढासळले. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळहून आलेली कुटुंबं राहतात. काही शाळांच्या पटावर त्यांची मुलं आहेत. हंगाम संपला की पट खाली येतो.

शहरात दोन खोल्या. दोघं कामावर. मूल पाळणाघरात, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. लोकल उशिरा आली की पाळणाघरवाल्या काकूंना फोन. सात वाजून गेले की वेगळे पैसे. दुसऱ्या मुलाचा विषय निघतो. खोलीचा हप्ता, शाळेची फी आणि पाळणाघर यांची बेरीज होते. विषय थांबतो.

मग गावाहून आजी येते. तीन महिन्यांसाठी आलेली आजी मूल पहिलीत जाईपर्यंत राहते. गावी आजोबा एकटे. सकाळी पेज, दुपारी पिठलं-भात, रात्री दुपारचंच. तुळशीला पाणी तेच घालतात. संध्याकाळी फोनवर नातवाचा चेहरा दिसतो. नातू विचारतो, मांजर कुठे. आजोबा फोन मांजराकडे फिरवतात. आजी परत येते तेव्हा घरातल्या वस्तूंच्या जागा बदललेल्या असतात. ती काही म्हणत नाही. काही घरी ती परत येतच नाही. दुसऱ्या मुलाकडेही नातवंड झालेलं असतं. वाडीतली चालती-फिरती, साठीची, हाकेला धावणारी बाई अशा रीतीने जाते. ऐंशीच्या उरतात.

प्रसूती रजा २०१७मध्ये १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर ठेवणं बंधनकारक झालं. चाळीस माणसांच्या कचेरीला ते लागू नाही. धुणीभांडी करणारी, कपड्याच्या छोट्या दुकानात उभी राहणारी, घरी बसून पापड लाटणारी यांतली कोणी या हिशेबात सापडत नाही. तिला पहिल्या बाळंतपणाचे ५,००० रुपये मातृवंदना योजनेतून मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. दुसरा मुलगा झाला तर नाही. बापाच्या रजेचा कायदा खासगी नोकरीला नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत पाळणाघरं होती. बाई मधल्या सुट्टीत जाऊन मुलाला पाजून यायची. गिरण्या गेल्या. त्या जागांवर उभ्या राहिलेल्या काही इमारतींतही पाळणाघरं आहेत. त्यांना डे-केअर म्हणतात. फी गिरणगावाला परवडणारी नाही.

२००५च्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद होती. कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. बांधबंदिस्तीच्या कामावर इथे पाच मुलं भरत नाहीत.

अंगणवाडीच्या भिंतीवर अ अननसाचा अजून आहे. सेविका घरोघर जाऊन वजनं घेते. तिच्या यादीतली काही मुलं मुंबईत असतात आणि मे महिन्यात येतात. वजनकाटा मे महिन्यात भरपूर वापरला जातो.

म्हाताऱ्यांच्या औषधांचा डबा म्हणजे बहुधा मुलाचा जुना शाळेचा डबा. एका कप्प्यात सकाळच्या गोळ्या, दुसऱ्यात रात्रीच्या. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये येतात. पूर्वी १,००० होते, त्याआधी ६००. बँकेत जायला रिक्षाचे दोनशे होतात. म्हणून तीन महिन्यांचे एकदम काढतात. अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही. रेषा झिजलेल्या असतात.

गोकुळाष्टमीची हंडी खाली आली. ओट्यावर उभं राहून फुटते. शिमग्याला पालखी नाचवायला तरणे लागतात. त्यांच्या रजा पाहून पालखीचे दिवस ठरवायची वेळ काही ठिकाणी आली आहे. देव थांबतात.

उष्टावणाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं. कान टोचतानाही मामा लागतो, जावळाला लागतो, लग्नात अंतरपाटापर्यंत नवरीला मामाच आणतो. एकुलत्या एका मुलीच्या मुलाला सख्खा मामा नाही. चुलतमामा बघतात. आजोबाही एकुलते असले तर चुलतही नसतो. शेजारचा कोणी बसतो. बोरन्हाणाची बोरं, चुरमुरे, हलवा लुटायला मुलं लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकून ती गोळा करतात. उरलेलं पुड्यांत भरून देतात.

तिरडीला चार खांदे. मुलगा मुंबईहून निघाला की मयत थांबवतात. आठ ते दहा तास. शीतपेटी तालुक्याहून भाड्याने येते, वीज गेली तर जनरेटर वेगळा. तिरडी बांधता येणारा एक माणूस तीन वाड्यांना पुरतो. त्याचं वय सत्तरच्या पुढे आहे. त्याने कोणाला शिकवलेलं नाही. शिकायला यावं असं कोणी नव्हतं.

भारतातलं पहिलं संततिनियमन केंद्र र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत काढलं. दापोली तालुक्यातलं मुरूड हे त्यांचं गाव. त्यांची नोकरी गेली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले, दंड झाला. मासिक १९२७पासून १९५३पर्यंत चाललं. गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण नंतर आला. चुना उडालेल्या काही भिंतींवर तो दिसतो, अक्षरं गेलेली.

१९७६मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. २००५पासून सरकारी नोकरीला लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही तिसऱ्या मुलाची अट आहे. १२ सप्टेंबर २००१नंतर जन्मलेलं तिसरं मूल असलेल्याला उभं राहता येत नाही. आंध्र प्रदेशाने असाच नियम २०२४मध्ये काढून टाकला. महाराष्ट्रात अर्जासोबत घोषणापत्र जोडावं लागतं. काही प्रभागांत अर्जच येत नाही. तिथली जागा रिकामी दाखवतात आणि पोटनिवडणूक जाहीर होते. पोटनिवडणुकीतही घोषणापत्र लागतं.