हिशेबनिसाची परीक्षा

वाङ्मयाच्या मासिकांत हिशेबनिसाविषयीं लिहूं लागणें म्हणजे लग्नाच्या पंगतींत वाण्याची यादी वाचून दाखविण्यासारखें आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पंगत उठल्यावर ती यादी कोणास तरी वाचावीच लागते. आणि वाचणारा आपल्या कामांत कच्चा असला म्हणजे यजमानाची कशी त्रेधा उडते, हें ज्यांनीं घरीं कार्य काढलें आहे त्यांस सांगावयास नको. जगाच्या कारभारांत हिशेबनिसाची जागा अशीच आहे. तो नीट काम करितो तोंवर त्याची कोणास आठवण होत नाहीं. हा माणूस घडतो कसा, आणि घडला आहे हें ओळखावें कसें, या दोन प्रश्नांनीं आम्हांस अलीकडे सतावून सोडलें आहे. वाणिज्य शाखेंत सत्तावीस वर्षें अध्यापन केलेल्या मनुष्यास या प्रश्नांचीं उत्तरें मुखोद्गत असावयास हवीं होतीं. तीं तशीं नाहींत, हें कबूल करण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आमचे वडील सांगलीच्या हळदपेठेंत एका अडत्याच्या दुकानीं दिवाणजी होते. त्यांचें शिक्षण मराठी सातवीपर्यंत. हिशेबाची म्हणून कोणतीही परीक्षा त्यांनीं दिली नव्हती. वयाच्या सोळाव्या वर्षीं ते दुकानांत आले तेव्हां पहिलें वर्षभर वही त्यांच्या हातीं आलीच नाहीं. उतरलेलीं पोतीं मोजणें, कांट्यावरचें वजन ओरडून सांगणें आणि म्हाताऱ्या दिवाणजींनीं फेंकलेल्या बेरजा तोंडी झेलणें, एवढेंच त्यांचें काम. दुसऱ्या वर्षीं कच्ची वही आली, चौथ्या वर्षीं कीर्द व खतावणी. परंतु शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या किंमतींतून अडत, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या पदरीं काय पडावयाचें तें सांगणारा कागद, स्वतंत्रपणें करावयास मिळाला तो सातव्या वर्षीं. कीर्द चुकली तर नुकसान मालकाचें, आणि मालक तें शोधून काढण्यास समर्थ असतो. पट्टी चुकली तर नुकसान अशा माणसाचें, कीं ज्यास बहुधा बेरीज तपासतां येत नाहीं. जबाबदारीची ही चढती भांजणी कोणत्याही अभ्यासक्रमांत छापलेली नव्हती. पण ती होती, आणि फार विचारपूर्वक बसविलेली होती.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असतांना दिवाळीच्या सुमारास एके रात्रीं वडील जेवावयास आले नाहींत, म्हणून आईनें डबा देऊन आम्हांस दुकानीं पाठविलें. पाहतों तों वडील रोजमेळ पुढें घेऊन बसलेले. गल्ल्यांत अकरा रुपये जास्त भरत होते. आम्ही म्हटलें, "जास्तच आहेत ना, अण्णा? मग बरेंच झालें कीं!" वडिलांनीं पेन खालीं ठेविलें आणि ते म्हणाले, "बाळ, कमी भरले तर आपले गेले. जास्त भरले तर कोणाचे तरी आले. कोणाचे, तें कळल्यावांचून वही मिटतां येत नाहीं." त्या रात्रीं दहाच्या पुढें चारशें अकराची एक पट्टी हातीं लागली, आणि वडिलांस आठवलें कीं, पोऱ्या सुटे आणावयास गेला असतां तो शेतकरी एस्. टी. चुकेल म्हणून घाईनें निघून गेला होता. दुसऱ्या दिवशीं त्याच गाडीच्या कंडक्टराबरोबर ते अकरा रुपये त्याच्या गांवीं गेले. आम्हांस हिशेबशास्त्राचा पहिला पाठ मिळाला तो हा. पुढें विद्यापीठाच्या पदव्या घेतांना हा पाठ कोणत्याही पुस्तकांत आढळला नाहीं.

तेव्हां, जुनी रीतच बरी होती, असें आम्ही म्हणणार असा वाचकांचा तर्क झाला असेल. पण तसें नाहीं. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञ भिक्षूनें १४९४ सालीं व्हेनिसमध्यें छापलेल्या आपल्या ग्रंथांत व्यापाऱ्यानें तीन वह्या ठेवाव्या असें सांगितलें आहे: घडेल तसें टिपून ठेवण्याची एक, तींतून शुद्ध नोंद उतरविण्याची दुसरी, आणि खातेवार मांडणीची तिसरी. आमच्या कच्ची वही, कीर्द आणि खतावणी या त्रयीची आठवण यावरून कोणास होणार नाहीं? ग्रंथ असा छापून निघाला, तरी विद्या शिकण्याची जागा तिकडे काय किंवा इकडे काय, पुढें कित्येक शतकें दुकानाची ओसरी हीच राहिली. आणि त्या ओसरीवर कोण चढूं शकत असे? मालकाच्या नात्यांतला, जातींतला, फार तर ओळखीचा मुलगा. आमचे वडीलही चढले ते मामाच्या शब्दावर. परक्याचें पोर तेथें हमाल होऊं शकत असे, दिवाणजी नव्हे. आणि मुलीचा तर प्रश्नच नव्हता. मुंबईस १९१३ सालीं सिडनहॅम कॉलेज निघालें, १९१८ सालीं मुंबई सरकारनें हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली, आणि १ जुलै १९४९ रोजीं चार्टर्ड अकौंटंटांची संस्था कायद्यानें अस्तित्वांत आली. ज्याचा मामा पेठेंत नाहीं त्यालाही या परीक्षांनीं दार उघडून दिलें. परीक्षेस नांवें ठेवणारांनीं हें विसरूं नये.

परंतु दार उघडलें तें वरच्या मजल्याचें. हिशेब तपासणाऱ्यांची परीक्षा सिद्ध झाली; रोजचा हिशेब लिहिणाऱ्यांची मात्र दीर्घकाळ राहूनच गेली. तो लिहिणारा एक तर ओसरीवर शिकलेला असे, किंवा आमच्यासारख्यांच्या हाताखालून गेलेला पदवीधर असे. या पदवीधराविषयीं आम्ही काय सांगावें? अंतिम पत्रकें तो सुरेख मांडतो. कारण प्रश्नपत्रिकेंत सर्व रकमा अगोदरच खऱ्या मानलेल्या असतात. पण चुरगळलेलीं बिलें, अर्धवट पावत्या आणि बँकेचा उतारा असलेली एक पेटी त्याच्यापुढें ठेवा, म्हणजे तो दीनवाण्या मुद्रेनें विचारतो, "सर, यांत प्रश्न कोणता आहे?"

या उणिवेवर ब्रिटनमध्यें एक उपाय योजण्यांत आला. १९८६ सालीं तेथें व्यावसायिक अर्हतांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि उमेदवारानें किती वर्षें घालविलीं हें न विचारतां त्याला काय करितां येतें हें विचारावें, असा विचार रूढ झाला. आपल्याकडे २७ डिसेंबर २०१३ रोजीं राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट जाहीर झाली, तिचाही गाभा हाच आहे. कामाचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्याची कसोटी लिहून काढावयाची, आणि त्या कसोटीस उमेदवार उतरला कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. आम्हांस हा विचार फार आवडला, आजही आवडतो. वडिलांच्या सात वर्षांची भांजणीच जणूं कोणी कागदावर उतरविली आहे असें आम्हांस वाटलें, आणि त्याच उत्साहांत आम्हीं आमच्या महाविद्यालयांत हिशेबसाहाय्यकांसाठीं सहा महिन्यांचा एक वर्ग काढला. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा आम्हींच बांधली. एका पेटींत ६० चिठ्ठ्या, बँकेचा एक उतारा आणि संगणक. वेळ दोन तास. प्रत्येक नोंदीस एक गुण, तेरजेस २०, बँकेशीं मेळ घालण्यास १० आणि तोंडी परीक्षेस १०. उत्तीर्ण होण्यास ५०. कसोट्या इतक्या नेटक्या होत्या कीं, त्या पाहून आम्हांस स्वतःचें कौतुक वाटलें.

पहिल्याच तुकडींत एक बाई होत्या. वय चाळिशीच्या पलीकडे. एका पतसंस्थेंत पतीच्या पश्चात् शिपायाच्या जागीं लागलेल्या. पण अकरा वर्षें प्रत्यक्षांत रोजकीर्द त्याच लिहीत आलेल्या. लेखनिकाची वेतनश्रेणी हवी तर प्रमाणपत्र आणा, असें संचालकांनीं सांगितल्यावरून त्या आमच्या वर्गांत आल्या होत्या. परीक्षेच्या दिवशीं तास-सव्वा तास झाला असेल, बाई उठून आमच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, मूळ चेक पाहावयास मिळेल काय?" आम्हीं घड्याळाकडे बोट दाखविलें आणि म्हटलें, "बाई, परीक्षेंत प्रश्न विचारतां येत नाहींत." त्या जागेवर जाऊन बसल्या, आणि वेळ संपेपर्यंत चाळलेल्याच चिठ्ठ्या पुनःपुनः चाळीत राहिल्या. नोंदींचे गुण ३६, तोंडीचे ८. तेरीज नाहीं, मेळ नाहीं. एकूण ४४. निकालपत्रकावर आम्हीं सही केली.

निकाल लागून आठवडा लोटल्यावर कागद बांधून ठेवतांना त्यांच्या पेटींत एक चिठ्ठी सांपडली. तीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें: "क्रमांक ३७. चेकच्या प्रतींत ५,३६४. बँकेच्या उताऱ्यांत ५,६३४. फरक २७०, नवानें भाग जातो, म्हणजे आंकडे उलटसुलट झाले असावेत. मूळ चेक पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये." आम्हीं उतारा काढून पाहिला. चूक आमचीच होती. टंकलेखनांत दोन आंकड्यांची अदलाबदल झाली होती. फरकास नवानें भाग जातो कीं काय हें आधीं पाहावें, ही युक्ति वडिलांच्या तोंडून आम्हीं लहानपणीं शंभरदां ऐकली होती. मग आम्हीं इतरांचे कागद पाहिले. बहुतेकांनीं ते २७० रुपये ‘बँक-आकार’ या खात्यास नांवें टाकून मोकळे झाल्याचें दिसलें. मेळ बसला होता, आणि आमच्या नेटक्या कसोटीप्रमाणें त्यांस दहापैकीं दहा गुण मिळाले होते. अठरा उमेदवारांपैकीं खोटी नोंद करण्याचें जिनें नाकारलें, ती एकटी त्याच कारणानें नापास झाली होती.

आम्ही तो कागद घेऊन समितीपुढें गेलों. एकाचा निकाल फिरविला तर अठराही पुन्हां पाहावे लागतील. शिवाय प्रश्नपत्रिकेंत चूक होती असें जाहीर होईल, तें निराळेंच. असें आम्हांस सांगण्यांत आलें. हा युक्तिवाद आमच्याच सोयीचा असल्यामुळें आम्हांस तो फारच लौकर पटला. सहा महिन्यांनीं पुन्हां परीक्षा होणारच होती. ते सहा महिने बाईंच्या पगारांतून गेले, आमच्या नव्हे.

पुढच्या खेपेस बाई ७९ गुणांनीं उत्तीर्ण झाल्या. अभिनंदन करावयास म्हणून आम्ही त्यांजकडे गेलों आणि मागची सर्व हकीकत सांगून टाकली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "तें मला तेव्हांच कळलें होतें, सर. म्हणून या वेळीं मी आधीं सगळ्या नोंदी उरकून घेतल्या. जुळतें कीं नाहीं तें शेवटीं पाहिलें." त्यांच्या स्वरांत राग नव्हता, पण तें वाक्य आम्हांस जितकें बोंचलें तितकी कोणाची शिवी बोंचली नसती. अकरा वर्षें एक चांगली संवय जोपासून ती स्त्री आमच्याकडे आली होती, आणि आमच्या परीक्षेनें तिला काय शिकविलें? तर, शंका आली तरी थांबूं नये.

कसोटी लिहून काढणें वाईट नव्हे. आम्हीं ती अपुरी लिहिली होती. काम म्हणजे काय, तर नोंद करणें, एवढेंच आम्हीं पाहिलें; कोणत्या क्षणीं नोंद करावयाची नाहीं, हेंही काम आहे, याचा आम्हांस विसर पडला. वडील वहींत ब्लेडनें कधीं खरवडीत नसत. चुकलेला आंकडा एका रेघेनें खोडीत, कीं खालचा वाचतां यावा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक-प्रणालींत प्रत्येक फेरफाराची खूण तारखेनिशीं राहिली पाहिजे, असा नियम अमलांत आला आहे. म्हणजे ती रेघ आतां यंत्राकडे आली. यंत्र खोडलेलें दाखवील. पण मुळांत खोटें लिहिलेलें तें कसें दाखविणार? ‘बँक-आकार २७०’ ही नोंद यंत्रास अगदीं निर्दोषच दिसते. अध्यक्षांनीं खोलींत बोलावून एखादी नोंद करावयास सांगितली असतां हा मनुष्य काय करील, हें तर आमच्या दोन तासांच्या परीक्षेंत मुळींच कळावयाचें नाहीं, आणि तें कळतें असें प्रमाणपत्रावर छापूंही नये. त्यासाठीं दुकानाच्या ओसरीवरचीं तीं सात वर्षेंच लागतात. फक्त त्या ओसरीवर कोणालाही चढतां आलें पाहिजे.

आम्हांस जमलें तें एवढेंच. आतां प्रत्येक पेटींत एक चिठ्ठी मुद्दाम चुकीची असते. थांबून ती चूक दाखविणारास १० गुण आहेत, आणि परीक्षकास प्रश्न विचारण्याची मुभा आहे. नवी गुणपद्धति ठरल्यावर पतसंस्थेच्या त्या बाईंनाच आम्हीं सहपरीक्षक म्हणून बोलाविलें. त्या आल्या, गुणांचा तक्ता हातीं घेतला, आणि आम्ही चहा मागवीत आहों तोंच म्हणाल्या, "सर, या रकान्यांची बेरीज ९८ होते."

आम्ही पुन्हां बेरीज करून पाहिली. ९८ च होत होती.