लाल ठिपका बघू नका, त्याची उंची बघा



मंगळवारी वावरात हरभऱ्याची सोंगणी सुरू होती. दुपारी तीनला डोक्यावर कडक ऊन, पश्चिमेला नुसती काळी कड. मोबाईलवर हवामान खात्याच्या नागपूर रडारचं चित्र उघडलं आणि बायांना म्हटलं, "विळे ठेवा, घरी चला." एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, ऊन तर पडलंय न!"

चित्रात काय दिसलं ते सांगतो.

रडार म्हणजे ढगाचा फोटो नाही. थेंबांवर, गारांवर आपटून परत आलेल्या लहरी ते मोजतं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्या परतीची ताकद ६४ पट होते. म्हणून बारीक थेंबांचा काळाकुट्ट ढग फिका दिसतो, आणि मोठे थेंब, गारा असलेला छोटा ढग लालभडक. ५५ डीबीझेडच्या वर गेलं की गारांची शंका घ्यायची.

पण खरी गोष्ट उंचीत आहे. 'मॅक्स झेड' चित्राच्या वर आणि बाजूला पट्ट्या असतात. ढग बाजूने किती उंच, ते त्यात कळतं. त्या दिवशी लाल भाग आठ-नऊ किलोमीटरपर्यंत चढलेला. मार्चमध्ये आपल्याकडे साधारण चार-साडेचार किलोमीटरच्या वर पाणी गोठायची थंडी. म्हणजे वर जाणाऱ्या वाऱ्याने एवढा माल वरच तोलून धरला होता. वाऱ्याला तो पेलवेनासा झाला की सगळं खाली. मागची दोन चित्रं लावून पाहिली, ढग आमच्याच दिशेने सरकत होता.

पाऊण तासात विजा आणि बोराएवढ्या गारा. उभा हरभरा निम्मा गेला, संत्र्याची आंबिया बहाराची बारीक फळं गळली. पीक रडारने वाचत नाही. पण बाया ज्या निंबाखाली जेवल्या होत्या, त्याची मोठी फांदी तिथेच मोडून पडलेली. माणसं घरी होती.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चित्रावर वेळ यूटीसी असेल तर साडेपाच तास मिळवा. ०९:३० म्हणजे आपले दुपारचे तीन. आणि रडारपासून दीडशे किलोमीटरवर त्याचा सगळ्यात खालचा झोतही जमिनीपासून सुमारे अडीच किलोमीटर वर असतो, त्याखालचं दिसत नाही. विजेसाठी दामिनी ॲप सोबत ठेवा.

तुमच्याकडे गारा पडल्या असतील तर गाव आणि वेळ लिहा, चित्राशी जुळवून बघू.